वर्गातील नवी साधने आणि शिक्षक : रायपूरचा पाच दशकांचा अनुभव

शालेय शिक्षणासाठी तंत्रज्ञान वापरण्याचे जे मोठे प्रयोग देशात झाले, त्यांपैकी दोन प्रयोगांशी छत्तीसगडमधील रायपूरचा थेट संबंध आहे. १९७५ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांतील शाळांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांमध्ये रायपूरचा समावेश होता. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्यावर छत्तीसगड शासनाने ‘पढई तुंहर दुआर’ ही योजना रायपूरहूनच सुरू केली. या दोन घटनांमध्ये ४५ वर्षांचे अंतर आहे आणि त्यांतील साधनेही सर्वस्वी निराळी आहेत. तथापि दोन्ही प्रसंगी एकच प्रश्न निर्णायक ठरला. बाहेरून आलेले साधन गावातील शिक्षकाला आपल्या वर्गाच्या गरजेनुसार वापरता येते काय, आणि प्रसंगी बदलता येते काय, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाच्या अनुषंगाने रायपूर व परिसरातील आजवरच्या अनुभवाचा हा आढावा.

प्रदेश आणि भाषा

छत्तीसगड राज्याची स्थापना १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशाच्या विभाजनातून झाली आणि रायपूर हे राजधानीचे शहर झाले. १९५६ पूर्वी नागपूर हे या प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. त्यामुळे विदर्भाशी त्याचे प्रशासकीय आणि सांस्कृतिक संबंध जुने आहेत. रायपूर शहरात मराठी भाषकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. महाराष्ट्रातील गडचिरोली आणि गोंदिया हे जिल्हे छत्तीसगडला लागून आहेत.

राज्याचा सुमारे ४४ टक्के भूभाग वनाखाली आहे. उत्तरेला सरगुजा आणि दक्षिणेला बस्तर हे डोंगराळ, वनाच्छादित भाग असून मध्यभागी महानदीच्या खोऱ्यातील मैदान आहे. शाळेची भाषा प्रामुख्याने हिंदी असली, तरी मुलांच्या घरची भाषा अनेकदा वेगळी असते. मैदानी भागात छत्तीसगढी, बस्तरमध्ये हलबी व गोंडी, तर उत्तरेकडे कुडुख, सादरी व सरगुजिया या भाषा बोलल्या जातात. हलबीवर मराठीचा प्रभाव स्पष्ट जाणवतो आणि गोंडी तर गडचिरोलीतही बोलली जाते. रस्ता, वीज, दूरध्वनीचे जाळे आणि घरची भाषा या चार गोष्टींचा विचार केल्याशिवाय येथे कोणतेही शैक्षणिक साधन मुलांपर्यंत पोहोचत नाही.

‘साइट’ : आकाशातून आलेला धडा

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ‘उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग’ राबविला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह या काळात भारताच्या उपयोगासाठी उपलब्ध करून देण्यात आला होता. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांमध्ये थेट उपग्रहाकडून संकेत घेणारे दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान ही ती राज्ये होत. तत्कालीन मध्य प्रदेशातून रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे आज छत्तीसगडमध्ये असलेले जिल्हे निवडण्यात आले होते.

सकाळच्या वेळी ५ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि प्राथमिक शिक्षण हे त्यांचे मुख्य विषय होते. अनेक गावांत संच शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत ठेवलेला असे. जाळीचा मोठा वाटोळा अँटेना हे त्या काळी गावातील कुतूहलाचे स्थान ठरले होते.

या प्रयोगाचा कमी चर्चिला गेलेला भाग म्हणजे शिक्षक प्रशिक्षण. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने विज्ञान अध्यापनासाठी १२ दिवसांचा अभ्यासक्रम तयार केला होता. दूरचित्रवाणी, आकाशवाणी, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती या सर्वांची त्यात सांगड घातलेली होती. दोन फेऱ्यांमध्ये मिळून सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांनी तो पूर्ण केला. इतक्या शिक्षकांना एकाच वेळी एकाच दर्जाचे प्रशिक्षण देण्याचा हा देशातील पहिला मोठा प्रयत्न होता.

प्रयोगाच्या मूल्यमापनातून मिश्र चित्र समोर आले. मुलांची भाषा आणि माहिती मिळविण्याची आवड यांत अनुकूल बदल दिसला, परंतु शालेय परीक्षांतील यशात ठळक वाढ आढळली नाही. कार्यक्रमांची एक मर्यादाही लक्षात आली. बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांसाठी हिंदीतील समान कार्यक्रम होते. रायपूर जिल्ह्यातील छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला पडद्यावरचे बोलणे समजावून सांगण्याचे काम वर्गातील शिक्षकालाच करावे लागे. धडा दिल्ली किंवा अहमदाबादमध्ये तयार होत असे. तो थांबविण्याची, पुन्हा दाखविण्याची किंवा त्यात बदल करण्याची सोय शिक्षकाकडे नव्हती.

३१ जुलै १९७६ नंतर उपग्रहाची सेवा थांबली. रायपूर येथे १९७७ मध्ये दूरदर्शनचे भूस्थित प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. त्याच्या टप्प्यात येणाऱ्या गावांना दूरचित्रवाणी मिळत राहिली. टप्प्याबाहेरच्या गावांतील वर्ग मात्र पूर्वीच्या स्थितीला आले.

संगणक आणि ‘एज्युसॅट’

नव्या राज्याच्या पहिल्या काही वर्षांत माहिती तंत्रज्ञानाला प्राधान्य देण्यात आले. ‘चिप्स’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी छत्तीसगड इन्फोटेक प्रमोशन सोसायटी ही संस्था रायपूर येथे कार्यरत झाली. शासकीय माध्यमिक शाळांतील मुलींना विनामूल्य संगणक शिक्षण देण्यासाठी ‘इंदिरा सूचना शक्ती योजना’ याच काळात हाती घेण्यात आली.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला देशातील पहिला उपग्रह सोडण्यात आला. त्याद्वारे केंद्रातील तज्ज्ञाशी दूरच्या वर्गातून प्रश्नोत्तरे करणे शक्य झाले. ‘साइट’मधील एकमार्गी प्रक्षेपणाच्या तुलनेत हे मोठे पाऊल होते. २०१० मध्ये या उपग्रहाचे कार्य संपले. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र शासनाने माध्यमिक शाळांतील संगणक शिक्षणासाठी विशेष योजनाही सुरू केली.

या टप्प्यातील अडचण देशभरात सारखीच होती. संगणक कक्षाला कुलूप, वीज अनियमित, दुरुस्तीची व्यवस्था दूर आणि कक्षाची जबाबदारी विषय शिक्षकाऐवजी कंत्राटी संगणक शिक्षकाकडे, असे चित्र अनेक ठिकाणी होते. परिणामी संगणक हा स्वतंत्र विषय झाला. गणित किंवा भूगोल शिकविण्याचे साधन म्हणून तो फारच थोड्या वर्गांत पोहोचला.

‘पढई तुंहर दुआर’

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ७ एप्रिल २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी ‘पढई तुंहर दुआर’ या योजनेचा प्रारंभ केला. छत्तीसगढी भाषेतील या नावाचा अर्थ ‘शिक्षण तुमच्या दारी’ असा आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने तयार झालेल्या संकेतस्थळावर इयत्तेनुसार पाठ्यपुस्तके, ध्वनिफिती, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवण्यात आले. प्रारंभी पहिली ते दहावीचे वर्ग त्यात होते. पुढे त्याची व्याप्ती वाढविण्यात आली.

या संकेतस्थळाचे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत होते. शिक्षक स्वतः तयार केलेला पाठ त्यावर पाठवू शकत असे आणि तपासणीनंतर तो सर्वांसाठी खुला होत असे. विद्यार्थी वहीतील गृहपाठाचे छायाचित्र पाठवीत. शिक्षक ते तपासून परत पाठवीत. शंका विचारण्याची आणि प्रत्यक्ष ध्वनिचित्र संवादाद्वारे वर्ग घेण्याचीही सोय होती. शासनाच्या आकडेवारीनुसार २० लाखांहून अधिक विद्यार्थी आणि सुमारे दोन लाख शिक्षक या योजनेत नोंदले गेले. ज्या शिक्षकांनी तोपर्यंत भ्रमणध्वनीचा उपयोग केवळ संभाषणासाठी केला होता, त्यांनी काही आठवड्यांत ध्वनिमुद्रण, चित्रीकरण आणि संपादन शिकून घेतले.

तथापि नोंदणी म्हणजे शिक्षण नव्हे, हेही लवकरच स्पष्ट झाले. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो दिवसभर कामावर गेलेल्या पालकांकडे असे. दोन-तीन भावंडांचे वर्ग एकाच वेळी येत. वनभागातील अनेक गावांत इंटरनेटच नव्हते. ‘असर’ या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांपर्यंत वाढले. याचा अर्थ साथीच्या पहिल्या वर्षीही दर दहापैकी जवळजवळ चार मुलांच्या घरी असा फोन नव्हता.

इंटरनेटविना डिजिटल शिक्षण

या अडचणीतून पुढचा टप्पा निघाला. १५ ऑगस्ट २०२० रोजी राज्य शासनाने दोन नवे उपक्रम जाहीर केले. ‘पढई तुंहर पारा’ म्हणजे वस्तीतील शिक्षण, आणि ‘बुलटू के बोल’ म्हणजे ब्लूटूथद्वारे पोहोचणारे पाठ. ‘बुलटू’ हा ब्लूटूथ या शब्दाचा स्थानिक उच्चार आहे.

‘बुलटू के बोल’ची पद्धत साधी होती. शिक्षक गोष्ट, कविता किंवा धडा ध्वनिमुद्रित करून आपल्या फोनमध्ये ठेवत. आठवडी बाजारात किंवा वस्तीवर पालकांची गाठ पडली, की तो पाठ त्यांच्या फोनमध्ये पाठविला जाई. ब्लूटूथचा पल्ला साधारणतः दहा मीटरचा असतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि स्मार्टफोनचीही गरज नसते. स्मृतिपट्टिका असलेला साधा फोन पुरतो. काही मिनिटांच्या ध्वनिफितीचा आकार लहान असल्याने ती अल्पावधीत एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाते. पालक घरी परतल्यावर मूल तो पाठ हवा तितक्या वेळा ऐकू शकते. आठवडी बाजार हे वनभागातील माणसांच्या भेटीचे नियमित ठिकाण आहे. त्या बाजारालाच शिक्षकांनी पाठ वाटण्याचे केंद्र बनविले.

येथे भाषेचा प्रश्नही नव्याने सुटू लागला. पाठ गावच्याच शिक्षकाच्या आवाजात असल्यामुळे तो छत्तीसगढी, हलबी किंवा गोंडीत सांगणे शक्य झाले. १९७५ मध्ये तीन राज्यांसाठी एकच कार्यक्रम होता. २०२० मध्ये एका बाजारापुरता पाठही तयार होऊ शकत होता.

वस्तीवरील वर्ग हा दुसरा मार्ग होता. मंदिराचा ओटा, सामाजिक सभागृह, अंगण किंवा झाडाची सावली येथे थोड्या मुलांना अंतर राखून बसविले जाई आणि गावातील शिकलेले युवक शिक्षकांना साहाय्य करीत. बस्तर जिल्ह्यातील भाटपाल गावात ध्वनिक्षेपकांवरून धडे ऐकविण्यात आले. मुले आपापल्या घराजवळ बसून ऐकत. पुढे लहान मुलांच्या मातांना घरच्या वस्तूंच्या आधारे गणित व भाषा शिकविता यावी, यासाठी ‘अंगना म शिक्षा’ हा उपक्रम महिला शिक्षकांच्या पुढाकाराने सुरू झाला.

मर्यादा

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील शाळा टप्प्याटप्प्याने पुन्हा भरू लागल्या. त्या वर्षाच्या अखेरीस ‘असर’ने छत्तीसगडमध्ये केलेल्या पाहणीत प्राथमिक वर्गांतील वाचन व गणिताची पातळी २०१८ च्या तुलनेत लक्षणीयरीत्या घसरल्याचे आढळले. लहान इयत्तांमध्ये ही घसरण अधिक तीव्र होती. इतर राज्यांतील पाहण्यांमध्येही असेच चित्र होते.

साथीच्या काळात डिजिटल साधनांमुळे शाळेचा आणि मुलांचा संबंध तुटला नाही, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु अक्षरओळख करून घेणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला समोर बसून, त्याच्या चुका पाहून, पुन्हा वाचावयास लावणारी व्यक्ती लागते. ध्वनिफीत मुलाला ऐकवू शकते, त्याचे वाचन ऐकू शकत नाही. वस्तीवरील वर्गांना जो प्रतिसाद मिळाला, त्यामागे हेच कारण होते.

‘दीक्षा’ आणि पुस्तकातील संकेतचिन्ह

५ सप्टेंबर २०१७ रोजी शिक्षक दिनी ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय मंच सुरू झाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या क्यूआर कोडवर फोनचा कॅमेरा धरला, की त्या धड्याशी संबंधित चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडतो. साहित्य एकदा उतरवून घेतले, की ते इंटरनेटशिवायही पाहता येते. त्यामुळे शिक्षकाने जाळे असलेल्या ठिकाणी पाठ उतरवून वर्गात दाखविण्याची पद्धत रूढ झाली. मे २०२० मध्ये ‘पीएम ई-विद्या’ उपक्रम जाहीर झाल्यावर ‘दीक्षा’ हा शालेय शिक्षणाचा देशव्यापी मंच झाला. पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी एक याप्रमाणे दूरचित्रवाणी वाहिन्याही त्याच उपक्रमात आल्या. ‘निष्ठा’ हे शिक्षक प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून याच मंचावरून देण्यात येऊ लागले.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडचे एक आरंभीचे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे संकेत जोडले. वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने त्यांनी साहित्य मुलांच्या भाषेत आणण्यावरही भर दिला. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. परितेवाडी आणि बस्तर यांच्यातील साम्य लक्षणीय आहे. दोन्ही ठिकाणी उपाय शोधण्यास प्रारंभ झाला, तो मुलांच्या घरची भाषा आणि घरातला फोन पाहूनच.

माहितीची सुरक्षा

डिजिटल साधनांबरोबर एक नवी जबाबदारीही शिक्षकावर आली आहे. विद्यार्थ्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक, छायाचित्रे आणि गुण हे सर्व आता फोनमध्ये आणि संकेतस्थळांवर साठविले जाते. ‘दीक्षा’च्या असुरक्षित राहिलेल्या साठवणीतून दहा लाखांहून अधिक शिक्षकांची वैयक्तिक माहिती उघडी पडल्याचे वृत्त जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याच वर्षी संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद करण्यात आली आहे. वर्गाचे छायाचित्र किंवा मुलांची यादी समूहावर टाकताना शिक्षकांनीही हे भान राखणे आवश्यक आहे.

साधन निवडताना

रायपूर परिसराच्या अनुभवातून शिक्षकांना उपयुक्त ठरतील असे काही निकष पुढीलप्रमाणे सांगता येतील.

• वर्गातील सर्वांत दूरच्या किंवा सर्वांत गरीब घरातील मुलाला हे साधन वापरता येईल काय, याचा विचार आधी करावा. तसे नसल्यास त्या मुलासाठी पर्याय सोबतच ठरवावा.
• वीज किंवा इंटरनेट नसताना पाठ पुढे चालू राहील, अशी सोय असावी.
• पाठाची भाषा मुलाच्या घरच्या भाषेजवळची असावी. नसल्यास शिक्षकाने स्वतःच्या आवाजात तो पुन्हा मुद्रित करावा.
• लहान मुलांसाठी ध्वनिफीत वा चित्रफीत पाच ते दहा मिनिटांपेक्षा मोठी नसावी आणि तिच्यानंतर मुलाने करावयाची एखादी कृती असावी.
• पाठ ऐकल्यावर मुलाला काय समजले, हे शिक्षकाने प्रत्यक्ष विचारून पाहावे. किती जणांनी फीत उघडली, या आकड्यावर विसंबू नये.
• ज्या विनामूल्य साधनाला मुलाची अनावश्यक माहिती लागते, ते टाळावे.

ठळक टप्पे

१९७५-७६ : ‘साइट’ प्रयोग. रायपूर, बिलासपूर व दुर्ग जिल्ह्यांतील गावांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी.
१९७७ : रायपूर येथे दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र.
२००० : छत्तीसगड राज्याची स्थापना.
२००४ : ‘एज्युसॅट’ उपग्रहाचे प्रक्षेपण.
२०१७ : ‘दीक्षा’ मंचाचा प्रारंभ.
७ एप्रिल २०२० : ‘पढई तुंहर दुआर’चा प्रारंभ.
१५ ऑगस्ट २०२० : ‘पढई तुंहर पारा’ आणि ‘बुलटू के बोल’ची घोषणा.
ऑगस्ट २०२१ : शाळा टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू.

जुलै २०२० मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, मातृभाषेतून वा स्थानिक भाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला आहे. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ यांच्या सीमेवर गोंडी आणि हलबी बोलणारी मुले दोन्ही राज्यांच्या शाळांत आहेत. जगदलपूर वा कांकेरच्या शिक्षकाने मुद्रित केलेली गोंडीतील गोष्ट गडचिरोलीतील धानोरा किंवा एटापल्लीच्या वर्गातही ऐकविता येऊ शकते. त्यासाठी नव्या उपग्रहाची आवश्यकता नाही. दोन्ही बाजूंच्या शिक्षकांची एकमेकांशी ओळख झाली, तरी कामास प्रारंभ करता येईल.